पर्सिमन लेनचं गेट

घर बघायला गेलं की माझी मुलगी रोंडा पहिला प्रश्न एकच विचारायची. छप्पर गळतं का, शाळा कशी आहे, तळघरात पाणी येतं का, हे सगळं नंतर. आधी, "इथे घरमालकांची सोसायटी आहे का?" घर दाखवणारी बाई गोड हसून म्हणायची, आहे, पण अगदी साधी आहे हो, काही त्रास नाही. त्या साध्या सोसायट्यांचे नियम मी ऐकले आहेत. दाराला कुठला रंग द्यायचा ते त्या सांगणार. गवत बोटभर वाढलं की चिठ्ठी येणार. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, पोराचा बास्केटबॉलचा खांब संध्याकाळी आत घ्यायचा. स्वतःच्या पैशाने घर घ्यायचं आणि सासुरवाशिणीसारखं राहायचं. मग रोंडा विचारायची, "आणि कॅम्पर लावलेला चालेल का?" तिथे बाईंचं हसणं संपायचं.

कॅम्पर म्हणजे मी. पिकअपच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर, त्यात पलंग, शेगडी, मोरी, सगळं आहे, आणि त्यात राहतो तो म्हातारा म्हणजे मी, व्हर्जिल. जन्मभर ओक्लाहोमात पाइपलाइनवर वेल्डिंग केलं. निवृत्त झालो तेव्हा मी आणि माझ्या बायकोने, नॅडीनने, घर विकून हा कॅम्पर घेतला आणि देश बघत फिरलो. नॅडीन गेली ती याच्यातच, खिडकीजवळच्या त्या पलंगावर. मग मी गाडी वळवली आणि टल्साला मुलीच्या दारात आणून लावली. तिला परवडणारी घरं झोपायच्या दोनच खोल्यांची. एकीत ती आणि क्लिंट, एकीत नात अ‍ॅडी आणि तिचा तान्हा भाऊ. माझी जागा बाहेर, कॅम्परमध्ये. आणि मला ती पसंत होती. जावयाच्या सोफ्यावर झोपायची वेळ माझ्यावर येऊ नये असं मला वाटायचं, आणि क्लिंटलाही तसंच वाटत असणार.

तर माझ्या या चाकांपायी बिचारी रोंडा घरं बघत वणवण फिरली. सोसायटी नाही अशी घरं मिळत नव्हती असं नाही. एक रेल्वेच्या यार्डाला चिकटून होतं. एकाच्या शेजारी भंगारवाला आणि साखळीला बांधलेले चार कुत्रे. एका घरी आम्ही उतरलो तर समोरच्या घराच्या छपरावर एक गृहस्थ बंदूक घेऊन खारी मारत बसले होते. त्यांनी आम्हाला हात केला. मीही केला, काय करणार. रोंडा गाडीतून उतरलीच नाही. जिथे पोरं सुखाने खेळतील तिथे सोसायटी, आणि जिथे सोसायटी नाही तिथे पोरांना अंगणात सोडायची सोय नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, माझा विचार सोड, मी कुठेतरी जागा बघतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा." आईवर गेली आहे.

पर्सिमन लेन सापडली ती शनिवारच्या गॅरेज सेलमुळे. बाळाला पाळणा हवा होता, लव्हर्न पिकेट नावाच्या शिक्षिकाबाईंनी गॅरेजबाहेर टेबलं मांडून जुनं सामान विकायला काढलं होतं, म्हणून गेलो. रोंडा पाळण्याचे खिळे तपासत होती आणि मी रस्ता बघत होतो. सायकलवर पोरं. एका अंगणात कोंबड्या. एका घरापुढे ताडपत्रीखाली होडी, एका घरापुढे आमच्याहून जुना कॅम्पर. मी लव्हर्नबाईंना विचारलं, इथे सोसायटी नाही का? त्या म्हणाल्या, "आम्हाला एकमेकांचं ऐकायला वेळ नाही, सोसायटीचं कोण ऐकणार?" आणि पलीकडचं दुसरं घर विकायला आहे हे त्यांनीच सांगितलं. रोंडा पाळणा तिथेच टाकून ते घर बघायला धावली.

आम्ही तिथे सुखात होतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की शेजारी वाईट होते. शेजारी सोन्यासारखे होते. पहिल्या आठवड्यात इतक्या घरांतून चिकनचे, मक्याचे, बीन्सचे डबे आले की क्लिंटला दुसरा फ्रीज लावावा लागला. ग्लेन हॉफर नावाचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस तर रोज येऊन माझ्याशी फुटबॉलवर भांडायचा.

भानगड एकच होती. आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडायची. पलीकडे नवं गोदाम उघडलं आणि तिथल्या गाडीवाल्यांना कुणीतरी सांगितलं की सिग्नल टाळायचा असेल तर पर्सिमन लेनमधून घुसा. दुपारी शाळेची बस यायची त्याच वेळी गोदामाची पाळी सुटायची. बस समोरच्या बाजूला थांबायची, अ‍ॅडीला रस्ता ओलांडून यावं लागायचं, आणि ती होती सात वर्षांची, सदा आपल्याच तंद्रीत. म्हणून मी दुपारी घडीची खुर्ची आणि पाइपलाइनवरचा नारिंगी झेंडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसायला लागलो. बस दिसली की उभा राहायचो. अ‍ॅडीला मी एकच नियम घालून दिला होता. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि मग माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की यायचं. नाही हलवली तर जगबुडी झाली तरी जागचं हलायचं नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी मान हलवली नाही. बसचे लाल दिवे लागलेले, थांबण्याची पाटी बाहेर आलेली, आणि तरी एक पांढरी व्हॅन बसला वळसा घालून आली. लव्हर्नबाईंची पत्रपेटी खांबासकट उखडून गेली. अ‍ॅडी माझ्याकडे बघत पदपथाच्या कडेला उभी होती, नियमाप्रमाणे. व्हॅन गेली आणि तरी ती उभीच, कारण मी अजून मान हलवली नव्हती. मला हलवता येत नव्हती हो. मान, हात, काहीच हलत नव्हतं. शेवटी लव्हर्नबाईंनी तिला हाताला धरून आणलं आणि मी खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो.

त्या संध्याकाळी ग्लेनच्या गॅरेजपुढे सगळे जमले. महापालिकेकडे गतिरोधक मागून झाले होते. ते म्हणाले, या रस्त्याने रुग्णवाहिका जाते, गतिरोधक मिळणार नाही. पण गल्लीने रस्ताच आपल्या ताब्यात घेतला, देखभाल स्वतः करायची कबूल केली, तर दोन्ही टोकांना बंदोबस्त करता येईल. एका टोकाला भिंत, एका टोकाला गेट. मात्र देखभालीला कुणीतरी जबाबदार हवं. म्हणजे काय हवं, ते तुम्हाला कळलंच असेल.

एवढ्या लोकांत सोसायटी कुणालाच नको होती. होडीवाल्याला नको, कोंबड्यावाल्यांना नको, आम्हाला तर नकोच नको. पण उखडलेली पत्रपेटी अजून गवतात पडली होती. ग्लेनने वकील केला, वकिलाने सगळ्या सोसायट्यांना देतो तेच नियम आम्हाला दिले. ग्लेनने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले, काही लपवाछपवी नाही. होडी अंगणाच्या मागे नेता येत होती, कोंबड्या खुराड्यात ठेवता येत होत्या. कॅम्परचं कलम आलं तसा ग्लेन थांबला. घरापुढे, घराच्या बाजूला, अंगणात, कुठेही कॅम्पर ठेवायचा नाही. सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. ग्लेन म्हणाला, "अरे व्हर्जिल, हे तुझ्यासाठी नाही रे. पहिल्या सभेत आपण हे खोडून टाकू." ज्यांच्याकडे तो जुना कॅम्पर होता त्यांनी तो त्याच महिन्यात विकला, त्यांना तसाही तो नको होता. राहिलो मी.

आत्ताच का नाही खोडत, असं रोंडाने विचारलं. तर कागद परत वकिलाकडे जाणार, तिथून महापालिकेकडे, उन्हाळा उजाडेल. आणि सह्या सगळ्या घरांच्या हव्यात, एकही कमी चालणार नाही. चार घरांचे मालक तर बाहेरगावचे होते, भाड्याने घरं देऊन डॅलसमध्ये बसलेले. गेटने घराची किंमत वाढणार म्हटल्यावर त्यांच्या सह्या पहिल्या आल्या. सगळ्यात शेवटी राहिली ती आमची.

रोंडा स्वयंपाकघरात बसली होती, पेन हातात, कागद पुढ्यात. तिने सही केली नाही तर गेट होत नव्हतं. शेजारी काही बोलत नव्हते, हेही सांगतो. पण लव्हर्नबाई फेरी मारताना आमच्या घरापाशी जरा हळू चालायच्या.

"बाबा, याच्यासाठी का आपण एवढी घरं बघितली?" ती म्हणाली.

"सही कर."

"आणि त्यांनी नाही खोडलं तर?"

"त्या पोरीला मी रोज किती वर्षं पुरणार आहे? सही कर म्हणतो ना."

तिने सही केली आणि पेन मोरीत फेकलं. मला म्हणाली, तुम्हाला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. याचा अर्थ काय तो तिलाही माहीत नसेल.

गेट झालं. काळं, लोखंडी, बरं होतं, वेल्डिंग मात्र भिकार. आत यायला आकडे दाबावे लागायचे. बाहेर जायला काही लागत नव्हतं, गाडी जवळ गेली की आपोआप उघडायचं. त्या रविवारी रस्त्याच्या मधोमध टेबलं मांडून सगळे जेवलो. रस्त्याच्या मधोमध! पोरं सायकली घेऊन मोकाट सुटली होती. अ‍ॅडी दोन्ही हात सोडून सायकल चालवत माझ्यापुढून गेली, डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता. मी झेंडा गुंडाळून कॅम्परमध्ये पलंगाखाली ठेवला. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता.

सोमवारी बस आत आली नाही. शाळेच्या बसगाड्या म्हणे खासगी गेटच्या आत जात नाहीत, तसा त्यांचा नियम आहे. थांबा गेटबाहेर गेला, मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. आणि आमच्या गल्लीतून घुसणाऱ्या सगळ्या गाड्या आता कुठून जात होत्या? त्याच मोठ्या रस्त्याने. गल्लीतली पोरं गल्लीत सुखरूप आणि गल्लीत यायला मरणाचा रस्ता ओलांडायचा! मी कपाळावर हात मारला आणि पलंगाखालचा झेंडा बाहेर काढला. पुन्हा खुर्ची, पुन्हा तोच नियम, फक्त गेटच्या बाहेर. पोरं आता सात-आठ होती. सगळी डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची.

सभेचं काय झालं ते सांगतो. नियम बदलायला दर चार घरांमागे तीन घरं सभेला हजर हवीत. डॅलसवाले चौघे येणारच नव्हते. त्यांना आम्ही फोन केले, पत्रं घातली, उत्तर नाही. म्हणजे उरलेल्या जवळजवळ सगळ्यांनी यायला हवं. पहिली सभा शुक्रवारी ठेवली. शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना असतो हे ओक्लाहोमातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण तारीख काढताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या सभेला वादळाचा भोंगा झाला आणि सगळे आपापल्या तळघरात बसले. तिसऱ्या सभेला काही झालं नाही. नुसतेच आले नाहीत. कुणाचं बाळ आजारी, कुणाची रात्रपाळी, कुणी विसरलं. दुसऱ्या दिवशी एकेक जण येऊन माझी माफी मागून गेला. मांस भाजून आणून दिलं, केक करून आणून दिला. मी डबे परत करायचो आणि विचारायचो, पुढच्या वेळी येणार ना? तर म्हणायचे, "व्हर्जिल, हे काय विचारणं झालं?"

हिशेब ठेवायला कुणाला वेळ नव्हता म्हणून सोसायटीने एक बाहेरची कंपनी नेमली होती. त्यांची एक मुलगी महिन्यातून एकदा गाडीतून फिरायची आणि फोटो काढायची. माझ्या कॅम्परचा काढला. आधी रोंडाला सूचना आली, मग दंड, मग दंडावर दंड, मग घरावर बोजा चढवण्याची भाषा. मी ग्लेनच्या घरी गेलो. तो सोसायटीचा अध्यक्ष ना! बिचारा माझ्यापुढे रडकुंडीला आला. म्हणाला, "माझ्या हातात असतं तर मी तुला माझ्या अंगणात ठेवला असता. पण ते कलम माझ्याही अंगणाला लागू आहे." त्याने कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, सभेत बदला. मी त्याला शिव्या द्यायला गेलो होतो, त्यालाच पाणी पाजून परत आलो. भांडायला कुणीतरी समोर लागतं हो. इथे समोर नुसते चांगले लोक.

सोफ्यावर झोपून बघितलं. कॅम्पर भाड्याच्या जागेत ठेवला आणि सोफ्यावर आलो. पहाटे माझा खोकला, त्याने बाळ उठणार, बाळाने रोंडा उठणार, क्लिंट डोळे चोळत कामावर जाणार. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. क्लिंटने तर माझ्यासाठी नवी उशी आणली. त्या उशीवरूनच मला समजलं की आता निघायला हवं.

शहराबाहेर तलावाच्या पुढे, हायवेला लागून, कॅम्पर लावायची एक जागा आहे. वीज, पाणी, शेजारी माझ्यासारखेच. निघालो त्या सकाळी सगळी गल्ली बाहेर आली होती. सभेला आली नाही ती सगळी. लव्हर्नबाईंनी बिस्किटांचा डबा खिडकीतून दिला. मी मनात म्हटलं, निदान गेटने तरी अडवावं. पिकअप जवळ गेली आणि गेट आपलं आपण उघडलं.

तरी मी रोज दुपारी यायचो. तासाभराचा रस्ता होता, पण बस यायच्या आत खुर्ची टाकून बसलेला असायचो. गेटच्या बाहेरची जागा कुणाच्या सोसायटीची नव्हती, तिथून मला कोण उठवणार? अ‍ॅडी आली की मी तिला गेटपर्यंत सोडायचो. ती आकडे दाबायची, रोंडा येईपर्यंत मी आत बसायचो, चीज घालून सँडविच करून द्यायचो. अंधार पडायच्या आत निघायचो.

मग दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये पिकअप बसली. गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाला म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीत एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. मी त्याला म्हटलं, अर्थाचं तू मला सांगू नकोस, दुरुस्त कधी होईल ते सांग. भाग मागवावा लागेल म्हणाला. मी रोंडाला फोन केला, ती दवाखान्यात कामावर, सुट्टी मिळेना. क्लिंट गावाबाहेर. लव्हर्नबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. मग ग्लेनला फोन केला. तो म्हणाला, "मी आहे ना! तू निश्चिंत राहा. झेंडा नाही, पण मी स्वतः जाऊन उभा राहतो."

बस यायच्या वेळेला मी कॅम्परच्या पायरीवर बसलो होतो. फोन मांडीवर. समोर हायवे, गाड्या चाललेल्या. मी काही करू शकत नव्हतो. जन्मभर हातांनी कामं केलेला माणूस मी, आणि हात मांडीवर ठेवून बसलो होतो. बसची वेळ झाली. होऊन गेली. ग्लेनला फोन लावला, तो उचलेना. रोंडाच्या घरचा लावला, वाजत राहिला. आता असं झालं असेल, आता तसं झालं असेल. नॅडीनचं नाव घेऊन मी देवाशी काय काय बोललो ते सांगत नाही. शेवटी फोन वाजला. घरचा नंबर.

"आजोबा, मी घरी आले," अ‍ॅडी म्हणाली. "तू आला नाहीस."

"गाडी बिघडली गं बाळा. ग्लेनकाका होते ना?"

"ते आत्ता आले. फोनवर बोलत होते म्हणे, वेळ कळली नाही. ते सॉरी म्हणतायत."

बाकीची पोरं बसपुढून पळत आली होती. ती एकटी पलीकडे राहिली आणि बस निघून गेली. हे तिने अगदी सहज सांगितलं.

"तू का नाही आलीस त्यांच्याबरोबर?"

"डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं. तू नव्हतास. मग मी थांबले. खूप गाड्या गेल्या."

"मग?"

"मग मीच मान हलवली, आणि आले."

मी म्हटलं, शाब्बास. दुसरं काय म्हणणार? सँडविच कोण करून देतंय, असं विचारलं. ग्लेनकाका करतायत पण त्यांना येत नाही, म्हणाली. मग तिने फोन ठेवला, आणि मी तो कानाशी धरून हायवेकडे बघत तसाच बसून राहिलो.